गुडघा बदलताना एका संशोधनात सहभागी झाले

गुडघा बदलून घेतलेली माणसे आता आमच्या डिचोलीत वाड्यावाड्यावर भेटतात. भूल कशी दिली, वॉकर किती दिवस लागला, जिना कधी चढलात, हे सगळे ऐकून ऐकून पाठ झाले आहे. त्यावर मी फार लिहिणार नाही. मला लिहायचे आहे ते त्याच ऑपरेशनच्या जोडीने घडलेल्या दुसऱ्या गोष्टीविषयी. मी एका वैद्यकीय संशोधनात पेशंट म्हणून सहभागी झाले. चवथीला घरी आलेल्या नातेवाइकांना हे कळले आणि जो तो एकच विचारू लागला, “तुमच्यावर प्रयोग केला म्हणे?” एकेकाला अर्धवट उत्तर देण्यापेक्षा सगळे एकदा नीट सांगावे. लिहायला दुसरेही कारण आहे. संशोधनात होते म्हणून मला जे समजावून सांगण्यात आले, ते शेजारच्या खाटेवरच्या बाईला कोणी सांगितले नव्हते. ते मला अजून सलते.

माझ्या उजव्या गुडघ्याची झीज जुनी. सगळी नोकरी प्राथमिक शाळेत मराठी शिकवण्यात गेली, म्हणजे दिवसभर उभे राहणे आलेच. उभे राहून काढलेल्या एक्स-रेमध्ये गुडघ्याच्या आतल्या बाजूची फट पुरती बुजलेली होती. गोळ्या, शेक, सांध्यातली इंजेक्शने सगळे करून झाले होते. खर्चाची धास्ती होती. पण ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, त्यामुळे पूर्वीसारखे जमीन विकण्याचे बोलणे कोणी काढले नाही. तारीख ठरली, तपासण्या सुरू झाल्या.

भुलीआधीची तपासणी करून बाहेर बसले होते तेव्हा एक तरुण डॉक्टर जवळ येऊन बसली. कुडाळची, अस्थिरोग विभागात पदव्युत्तर शिक्षण घेणारी. “काकी, तुमच्याशी जरा वेळ बोलायचे आहे, आत्ता नको असेल तर उद्या येते,” इथून तिने सुरुवात केली. तिच्या प्रबंधाचा विषय होता गुडघ्याच्या ऑपरेशनमधला रक्तस्राव. त्यासाठी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड नावाचे औषध देतात. रक्त गोठून गुठळी झाली की ती विरघळवायचे काम शरीर सुरू करते. हे औषध त्या विरघळण्याला अडवते, म्हणून रक्त कमी जाते. औषध देतातच, प्रश्न होता ते शिरेतून द्यावे की सांधा शिवण्याआधी सरळ सांध्यात सोडावे हा. दोन्ही पद्धती वापरात आहेत. तिला त्या एकमेकींशेजारी ठेवून मोजायच्या होत्या.

औषधाचे नाव ऐकून माझी लेक म्हणाली, “आई, हीच गोळी मला पाळीत फार जात होते तेव्हा दिली होती.” खरेच तीच. जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने १९६२ साली हे औषध प्रसिद्ध केले, तेही बाळंतपणानंतर रक्तस्रावाने बायका दगावतात ते थांबावे म्हणून. पुढे क्रॅश-२ नावाच्या चाचणीत अपघातातल्या जखमींना ते देऊन पाहिले. ४० देशांतली २७४ इस्पितळे, २०,२११ जखमी, त्यात आपल्या देशातलेही होते. निष्कर्ष २०१० साली आले: वेळेत दिले तर माणसे वाचतात. हे डॉक्टरने मला सांगितले तेव्हा ‘प्रयोग’ या शब्दाची माझी भीती निम्मी उतरली. औषध नवे नव्हते, आणि दोन्ही गटांना ते मिळणारच होते.

मग तिने माहितीपत्रक दिले. मराठीतले, सात-आठ पानी. सही आत्ताच करा असे एकदाही म्हणाली नाही. घरी न्या, वाचा, घरच्यांना दाखवा, प्रश्न लिहून आणा. मी ते संध्याकाळी बाल्कांवावर, म्हणजे दारातल्या ओट्यावर, बसून वाचले. त्यात काय काय होते ते सांगते, कारण असा कागद बहुतेकांच्या हाती कधी पडत नाही. अभ्यास कशासाठी, किती लोक घेणार, माझ्यावर नेहमीच्या उपचारापेक्षा जास्तीचे काय होणार (दोन जादा रक्त तपासण्या आणि काही प्रश्नावल्या, एवढेच), औषधाचे धोके कोणते, कोणाला घेणार नाहीत, मी नाही म्हटले तर उपचारात फरक पडणार नाही, मध्येच बाहेर पडले तरी पडणार नाही, माझे नाव न लिहिता क्रमांक लिहिणार, आणि या अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार मोफत होतील. शेवटी दोन फोन नंबर. एक त्या डॉक्टरचा, दुसरा एथिक्स कमिटीच्या, म्हणजे संशोधन पेशंटच्या हिताला धरून आहे का ते पाहणाऱ्या समितीच्या, सचिवांचा. डॉक्टरविषयी तक्रार असेल तर ती डॉक्टरलाच सांगावी लागू नये, म्हणून दुसरा नंबर.

ह्यांना पटत नव्हते. भावोजी तर सरळ म्हणाले, “गरिबांवर औषधे करून बघतात, आम्ही पेपरात वाचलेले आहे.” त्यांचे चूक नव्हते. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली ती याचसाठी. चाचण्यांत माणसे दगावत होती आणि आपण चाचणीत आहोत हेच अनेकांना माहीत नव्हते. त्या खटल्याच्या काळातच, २०१३ मध्ये, इजा किंवा मृत्यू झाल्यास भरपाई देणे नियमांत आले, आणि २०१९ मध्ये नव्या औषधांचे व क्लिनिकल चाचण्यांचे स्वतंत्र नियम लागू झाले. एथिक्स कमिटीत निम्मे तरी सभासद इस्पितळाबाहेरचे हवेत, एक सामान्य नागरिक हवा, एक तरी बाई हवी, हे आता नियमात आहे. भावोजींना मी एवढेच म्हटले की तुम्ही वाचलेल्या बातम्यांमुळेच आज माझ्या हातात हा कागद आहे.

लेकीने आणखी एक केले. पत्रकावर नोंदणी क्रमांक होता, तो तिने क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर टाकला. ही रजिस्ट्री, म्हणजे देशात चालणाऱ्या अशा अभ्यासांची नोंदवही, २००७ पासून आहे, कोणालाही उघडून पाहता येते, पैसे पडत नाहीत. एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घेण्याआधीच नोंदणी करावी लागते. तिथे आमच्या अभ्यासाचे सगळे होते: काय मोजणार, कधी मोजणार, किती पेशंट. आधी लिहून ठेवण्याचे कारण मला मास्तरकीमुळे चटकन कळले. पेपर तपासून झाल्यावर गुणांची पद्धत बदलता येऊ नये, तसेच हे. निकाल मनासारखा आला नाही म्हणून मोजमाप बदलायचे किंवा अभ्यासच गडप करायचा, ही वाट नोंदणीने अवघड होते.

दुसऱ्या भेटीला माझे प्रश्न वहीत होते. सगळ्यात अवघड प्रश्न मला स्वतःला छळत होता. मी कोणत्या गटात जाणार हे डॉक्टर का ठरवत नाहीत? इतकी वर्षे अनुभव असलेला सर्जन, त्याने माझा गुडघा बघून ठरवावे की. चिठ्ठीवर सोडायचे म्हणजे जबाबदारी झटकल्यासारखे नाही का?

तिने घाई केली नाही. म्हणाली, “काकी, सरांना एक पद्धत मनातून जास्त आवडत असेल, तर नकळत ते सोपे गुडघे तिकडे पाठवतील. मग निकाल औषधाचा येणार नाही, गुडघ्यांचा येईल.” म्हणून संगणकाने यादी काढायची, ती अपारदर्शक पाकिटांत बंद करायची, वर क्रमांक घालायचे, आणि पाकीट ऑपरेशनच्या वेळीच फोडायचे. ही रीत ब्रिटनमधल्या क्षयरोगाच्या एका अभ्यासापासून रुळली, तो १९४८ साली प्रसिद्ध झाला. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयाचे औषध तेव्हा नवे आणि फार थोडे उपलब्ध होते. १०७ रुग्णांपैकी ५५ जणांना ते आणि बाकीच्या ५२ जणांना तेव्हाचा नेहमीचा उपचार, म्हणजे अंथरुणावर विश्रांती. कोणाला काय, हे ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने पाकिटांत बंद करून ठेवले होते. सहा महिन्यांत औषधवाल्यांपैकी चौघे गेले, विश्रांतीवाल्यांपैकी चौदा.

क्षयाचे नाव निघाले आणि मला आईचे माहेर आठवले. दोडामार्गकडचे. तिच्या चुलतभावाला क्षय झाला तेव्हा मिरजेच्या सॅनेटोरियममध्ये ठेवला होता. त्याची भांडी वेगळी, परत आल्यावरही ओसरीवरच जेवायचा. डॉक्टरला मी हे सांगितले तर ती म्हणाली, सॅनेटोरियम गेले तेसुद्धा अशाच एका अभ्यासामुळे, आणि तो आपल्याकडचा. मद्रासमध्ये १९५६ पासून १९३ रुग्णांचे असेच दोन गट केले. निम्म्यांना सॅनेटोरियममध्ये औषध, निम्म्यांना घरी, दाटीवाटीच्या गरीब वस्त्यांत. १९५९ साली निकाल आला: घरी राहून औषध नीट घेतले तर गुण जवळजवळ तेवढाच येतो. घरच्यांना धोका वाढत नाही, हे त्याच अभ्यासाच्या पुढच्या अहवालांत दिसले. त्यानंतर जगभर क्षयाचे औषध घरी देऊ लागले. मी बराच वेळ काही बोलले नाही. त्या १९३ माणसांतल्या एकाचेही नाव मला माहीत नाही. त्यांनी होय म्हटले नसते तर माझ्या मामासारखी किती माणसे अजून ओसरीवर जेवली असती.

मी सही केली. संमतीपत्राची एक प्रत मला दिली, तीसुद्धा न मागता.

आता शेजारच्या खाटेवरची बाई. सत्तरी तालुक्यातल्या एका गावची, माझ्यासारखाच गुडघा, दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन. हृदयात स्टेंट होता, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू होत्या, म्हणून तिला अभ्यासात घेता आले नाही. आदल्या संध्याकाळी एक सिस्टर कागद घेऊन आली, तिच्या मुलाने दाखवलेल्या जागी सह्या केल्या आणि तो बस चुकेल म्हणून निघून गेला. कागद इंग्रजीत होता. बाई खाटेवर बसून हे बघत होती. तिच्या पायाचा विषय, तिला कोणी काही विचारले नाही.

रात्री दिवे मालवल्यावर तिने मला हाक मारली. “बाई, पाय पुरता कापून मग जोडतात का?” कितीतरी दिवस ती ही भीती मनात घेऊन होती. मी उठून बसले. हाडांची टोके तेवढी तासून सारखी करतात, वर धातूची टोपी बसवतात, मध्ये प्लास्टिकची चकती घालतात, पाय आहे तिथेच असतो, हे हाताच्या मुठी एकमेकींवर ठेवून दाखवले. कमरेखाली भूल असेल, ठोकल्याचा आवाज येईल, घाबरायचे नाही. ती ऐकत राहिली, मग “असें काय!” म्हणून आडवी झाली. सकाळी मी ही गोष्ट आमच्या डॉक्टरला सांगितली तेव्हा ती गुडघ्याचा प्लास्टिकचा नमुना घेऊन तिच्या खाटेवर जाऊन बसली.

नंतर मी याविषयी वाचले. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्येच सांगितले आहे: रुग्ण सज्ञान आणि शुद्धीत असेल, प्रसंग तातडीचा नसेल, तर संमती त्याचीच हवी, नातेवाइकाची चालत नाही, आणि ती पुरेशी माहिती देऊन घेतलेली हवी. संशोधनातल्या पेशंटसाठी वेगळा कायदा आहे हे खरे, पण साध्या ऑपरेशनच्या पेशंटचा हा हक्क काही कमी नाही. माझ्या कागदामागे एक कमिटी उभी होती, कोणी तपासायला येईल ही धास्ती होती. तिच्या कागदामागे कोणी नव्हते. फरक एवढाच, आणि हा फरक मला मान्य नाही.

ऑपरेशनचे थोडक्यात. पाठीतून भूल दिली, मी जागी होते. भुलीच्या डॉक्टरांनी माझ्या देखत पाकीट फोडले, आतला कागद वाचून बाजूला गेल्या आणि दोन सिरिंज भरून आणल्या. दोन्ही पाण्यासारख्या दिसत होत्या. एक शिरेत द्यायची, एक सर्जनकडे सांध्यात सोडायला. एकीत औषध, दुसरीत नुसते सलाईन. कोणत्या सिरिंजमध्ये काय ते त्यांना एकट्यांना ठाऊक. सर्जनला नाही, मला नाही, प्रबंध लिहिणाऱ्या मुलीलाही नाही.

वॉर्डमध्ये आल्यावर मोजणे सुरू झाले. गुडघ्यातून एक नळी काढून पिशवीला जोडली होती. ठरलेल्या वेळी कोणी तरी येऊन पिशवीतले रक्त मापात ओतून, डोळ्यांच्या रेषेत धरून, मिलिलिटरमध्ये लिहून न्यायचे. रात्री झोपेत असले तरी. हिमोग्लोबिन ऑपरेशनआधीचे आणि नंतरचे. वेदना शून्य ते दहात किती, हा प्रश्न तर उठता-बसता. पहिल्यांदा मला वाटले, सहन होते आहे तर कमी सांगावे, आमच्या पिढीला तशीच सवय. डॉक्टर म्हणाली, “काकी, माझ्यासाठी चांगले मार्क देऊ नका.” मग खरे ते सांगत गेले. खरे सांगण्याचा फायदा मलाच झाला, वेदनेचे औषध वेळेवर मिळाले.

दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिले. गुडघा किती वाकतो ते मोजायला दोन पट्ट्यांचे एक साधन असते, एक पट्टी मांडीच्या रेषेत, दुसरी नडगीच्या, मध्ये अंशांची चकती. मोजणारा डॉक्टर वेगळा, त्याला माझा गट माहीत नाही आणि आधीचा आकडाही दाखवलेला नाही. आधीचा आकडा डोळ्यांसमोर असला की नवा त्याच्या आसपास वाचला जातो, असे तो म्हणाला. एवढी काळजी घेतात हे मला माहीत नव्हते.

घरी आल्यावर एका रात्री त्याच पायाची पोटरी सुजल्यासारखी, गरम लागली. अशा ऑपरेशननंतर पोटरीत गुठळी होण्याची भीती असते, हे पत्रकात वाचलेले होते. नसते वाचले तर तेल चोळून झोपले असते, आणि अशा वेळी चोळणे हेच धोक्याचे. पत्रकावरच्या नंबरवर फोन केला. तिने उचलला, सकाळी सरळ डॉपलर तपासणीला, म्हणजे शिरांच्या सोनोग्राफीला, या म्हणाली. तपासणीत शिरा मोकळ्या निघाल्या, सूज ऑपरेशनचीच होती. तरी ती घटना माझ्या नोंदवहीत तारखेसह लिहिली गेली. काही झाले नाही, मग कशाला लिहिता, असे हे म्हणाले. तिचे उत्तर: “काय झाले नाही हेसुद्धा मोजावे लागते, काका.”

पुढच्या भेटींत एक प्रश्नावली असे, ऑक्सफर्ड नी स्कोअर. १९९८ साली इंग्लंडमध्ये तयार झालेली, बारा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार, एकूण अठ्ठेचाळीस. एकट्याने बाजारहाट करता का, गाडीत किंवा बसमध्ये चढता-उतरता येते का, जिना उतरता का, गुडघे टेकून पुन्हा उठता येते का. माझे गुण भेटीगणिक वाढत होते. कदंब बसची पायरी चढताना मी आता कोणाचा हात धरत नाही, त्याचेही गुण मिळाले. पण मी विचारले, यात मांडी घालून बसण्याचा प्रश्न कुठे आहे? आमचे भजन जमिनीवर, चवथीची पूजा पाटावर, लग्नातली पंगत आता टेबलावर गेली तरी घरचे देवकार्य पाटावरच. मांडी घालू नका, उकिडवे बसू नका, असे सर्जनने सांगितले आहे आणि मी ते पाळते. भजनाला खुर्ची घेऊन बसते. पण गुडघ्याचे गुण भरघोस आणि देवासमोर बसता येत नाही, हे त्या बारा प्रश्नांत कुठेच उतरत नाही. डॉक्टरने ते समासात लिहून घेतले, आणि इतर पेशंटांनाही विचारून आपल्या प्रबंधात स्वतंत्र नोंद करीन म्हणाली. नुसते उत्तर द्यायला बसवलेल्या माणसाचा प्रश्नही तिने घेतला, याचे मला फार बरे वाटले.

माझ्या भेटी संपल्या. इतर पेशंट अजून चालू आहेत, म्हणून कोण कोणत्या गटात ते अजून उघड केलेले नाही. मी शिरेच्या गटात होते की सांध्याच्या, ते सगळ्यांचे संपल्यावर कळेल. निकाल मराठीत एका पानावर लिहून पाठवायचे तिने कबूल केले आहे, आणि मी आठवण करणार आहे.

आता आमच्या वन्संचे गुडघ्याचे ऑपरेशन ठरते आहे, दुसऱ्या इस्पितळात, तिथे संशोधन वगैरे काही नाही. त्यांना मी माझी वही दिली आहे. कागदावर सही स्वतःची करा, वाचून करा, मराठीत नसेल तर कोणाकडून तरी वाचून घ्या. काय करणार, दुसरा उपाय कोणता, धोका काय, नाही केले तर काय होईल, आणि रात्री काही झाले तर कोणाला फोन करायचा. वन्सं म्हणाल्या, डॉक्टर चिडले तर? मी त्यांच्यासोबत जाणार आहे.